सावळीराम ऊर्फ भिका

आंबेदांडच्या डोंगरावर जायचं हे उज्वलाने ठरवलं आणि घाबरायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. आमच्या घरात वाटणी अशीच आहे. ती ठरवते, मी घाबरतो, आणि मग दोघंही जातो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. तीस वर्षं लोकांचे अर्ज तपासतोय, आणि अर्जातली एक रिकामी चौकट माणसाचं अख्खं वर्ष कसं खाते हे मी जवळून पाहिलंय. अशा माणसाला भीती वाटली तर तो भित्रा असतो असं नाही, तो अनुभवी असतो. उज्वलाला हा फरक अजून मान्य नाही.

तिने पेपरात वाचलं होतं. हरसूलच्या रस्त्याला आंबेदांड नावाचं निसर्ग उद्यान झालंय, डोंगरात चालायला तीन आखलेल्या वाटा आहेत, आणि फाट्यापर्यंत एसटी जाते. "एसटी जाते" हे तिने मला दोनदा वाचून दाखवलं, कारण मला गाडी येते पण घाट येत नाही.

"लग्नाला सत्तावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "तुम्ही मला वणीला नेलंत आणि लोकांच्या लग्नांना नेलंत. बास. आता मला डोंगरात चालायचंय."

"वणीलाही डोंगरच आहे."

"तिथे ट्रॉली आहे म्हणून तुम्ही आलात."

हे खरं असल्यामुळे मी विषय बदलला. पण इंदिरानगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एखादी गोष्ट दोन माणसांत राहत नाही. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे रविराज पवार खाली आले. ते विम्याचे एजंट आहेत, त्यामुळे माणूस किती प्रकारे जाऊ शकतो याची यादी त्यांना तोंडपाठ आहे आणि ती ते प्रेमाने म्हणून दाखवतात.

"आहेर साहेब, बिबट्याचं काय करणार?" त्यांनी बसता बसता विचारलं.

"दिवसा जाणार आहोत."

"तो शहरात भरदिवसा बंगल्यांत शिरतो. तिथे तर त्याचंच घर." मग त्यांनी समजावून सांगितलं. बिबट्याचा आवाज डरकाळीसारखा नसतो, लाकूड कापणाऱ्या करवतीसारखा असतो. खर्र, मग थांबतो, मग खर्र. तो ऐकू आला तर पळायचं नाही. वाकायचं तर मुळीच नाही. "वाकलेला माणूस त्याला शेळीसारखा दिसतो. ताठ उभं राहायचं आणि आवाज करायचा. स्टीलचं ताट न्या, चमच्याने बडवत चला."

"लोक काय म्हणतील?" उज्वला म्हणाली.

"लोक म्हणायला तुम्ही परत तर याल," रविराज म्हणाले आणि चहा पिऊन गेले. त्या रात्री मी बुटांची नाडी उभ्याने कशी बांधता येईल याचा बराच विचार केला. येत नाही. शेवटी नाडी नसलेले ऑफिसचे बूट घालायचं ठरवलं. या निर्णयाबद्दल डॉक्टरांनी पुढे जे मत दिलं ते मी इथे लिहीत नाही.

रविवारी सकाळी जुन्या सीबीएस स्टँडवरून हरसूलची गाडी मिळाली. गिरणारे मागे पडलं, टोमॅटोचे मळे संपले आणि रस्ता वळायला लागला. प्रत्येक वळणावर मी समोरचा दांडा धरत होतो आणि पुढच्या सीटवरची एक म्हातारी मागे वळून माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. तिच्या मांडीवर जिवंत कोंबडी होती. ती कोंबडीसुद्धा माझ्यापेक्षा शांत होती. आंबेदांड फाट्यावर उतरलो तेव्हा कंडक्टर म्हणाला, "परतीची गाडी साडेपाचला. शेवटची. ती चुकली की उद्या सकाळीच." हे त्याने अगदी सहज सांगितलं. मी लगेच माझं घड्याळ त्याच्या घड्याळाशी जुळवून घेतलं.

उद्यानाच्या गेटवर संघर्ष होता. म्हणजे त्या माणसाचं नावच संघर्ष होतं, खाकी शर्टाच्या खिशावर तशी पाटी होती. त्याने आमच्यापुढे एक अर्ज सरकवला. अकरा चौकटी. अर्ज पाहून मला दिवसात पहिल्यांदा जरा बरं वाटलं. मी स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड न करता तो भरला आणि परत दिला.

संघर्षने बोट ठेवलं. "सात नंबर. संकटकाळी कोणाला कळवायचं. तुम्ही मॅडमचं नाव लिहिलंय."

"बरोबर. पत्नी आहे."

"आणि मॅडमनी तुमचं लिहिलंय. दोघंही आत असणार. मी कोणाला कळवू? तुम्हालाच तुमच्याबद्दल?"

हा नेमका माझा आवाज होता. याच आवाजात मी आजवर शेकडो पोरांचे अर्ज परत केले असतील. माणसाला स्वतःचा आवाज खिडकीच्या दुसऱ्या बाजूने ऐकू आला की कसं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. मुलगी पुण्यात नोकरीला आहे, तिच्या जिवाला उगाच घोर नको, म्हणून मी रविराजांचा नंबर लिहिला.

मग त्याने नियमांची पाटी दाखवली. आत प्लास्टिक, दारू, स्पीकर, कुऱ्हाड, कोयता, करवत नेण्यास सक्त मनाई. झाड तोडल्यास कारवाई. तीनच्या आत परत येऊन सही करायची. न आल्यास सात नंबरच्या माणसाला फोन. शेवटी त्याने आमची पिशवी उघडली.

"ताट कशाला?"

"जेवायला."

"डबे आहेत की तुमच्याकडे."

त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं, स्टील ताट एक, चमचा एक.

वाटा तीन होत्या. पांढऱ्या बाणांची अर्ध्या तासाची, लहान मुलं आणि वृद्धांसाठी. पिवळ्या बाणांची तीन तासांची. लाल बाणांची वाट थेट कड्यावरून जायची. मी पांढऱ्या बाणाकडे वळलोही होतो, पण उज्वला पिवळ्या वाटेने वीस पावलं पुढे गेली होती आणि मागे बघत नव्हती.

चढ सुरू झाला. मी ताट वाजवत होतो. चमच्याचे चार ठोके, मग कान देऊन ऐकायचं, मग पुन्हा चार. पहिल्या टेकाडावर उज्वला थांबली. "अहो, एक पक्षी दिसला नाही सकाळपासून."

"आणि बिबट्या?"

"तोही नाही."

"मग झालं तर."

तिने माझ्या हातातून चमचा काढून घेतला आणि कमरेला खोचला. पुढची वाट मी बिनचमच्याचा चाललो. दोन्ही बाजूंना माझ्या उंचीची कारवी, वाऱ्यावर सारखी हलणारी. वाऱ्याने हललेली कारवी आणि आतून कोणी हलवलेली कारवी यांत फरक कसा ओळखायचा, हे रविराजांनी सांगितलं नव्हतं. मी पाठीमागे बघत चाललो, मग वाटलं समोरून आला तर, म्हणून समोर बघत चाललो, मग वाटलं उज्वला पुढे आहे म्हणजे आधी ती, आणि या विचाराची इतकी लाज वाटली की धावत जाऊन तिच्या पुढे चालायला लागलो. तिला वाटलं मला चालण्यात गोडी लागली.

वर एक सपाट खडक होता. तिथून खाली भाताची कापलेली खाचरं दिसत होती, नागलीचे भारे रचून ठेवलेले, आणि त्यापलीकडे एकामागे एक डोंगर. उज्वला खडकावर बसली, पोळीभाजी खाल्ली आणि कितीतरी वेळ त्या डोंगरांकडे बघत राहिली. तिचा चेहरा मी असा फार वेळा पाहिलेला नाही. एक वाजत आला होता. मी घड्याळ बघितलं, पण निघूया म्हणालो नाही. ही त्या दिवसातली माझ्याकडून झालेली पहिली चांगली गोष्ट, आणि तिच्यामुळेच पुढचं सगळं झालं. अर्धा तास आधी निघालो असतो तर तो आवाज आमच्या कानावर पडलाच नसता.

उतरताना जिथे वाटेला दोन फाटे फुटत होते तिथे पिवळ्या बाणाचा दगडच गडगडून उलटा पडला होता. बाण आता आकाशाकडे दाखवत होता. आम्ही अंदाजाने डावीकडे गेलो. वाट अरुंद झाली, मग तीही विरळ झाली. मोबाइल काढला तर रेंज नाही. आणि तेवढ्यात, खाली ओहोळाच्या अंगाने, आवाज आला.

खर्र. मग शांत. मग पुन्हा खर्र.

मी उज्वलाचा दंड धरला. तीही थांबली. सत्तावीस वर्षांत तिला घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि ती घाबरली म्हटल्यावर माझं काही उरलंच नाही. माझी भीती आजवर ती घाबरत नाही या भरवशावर चालली होती.

"चमचा," मी कसाबसा म्हणालो.

तिने दिला. मी ताट बडवलं, जिवाच्या आकांताने बडवलं. थांबलो तेव्हा तो आवाजही थांबला होता. हे जास्त वाईट होतं. आता तो ऐकत होता. मग समोरची कारवी हलली, वाऱ्याने नव्हे, आतून. मी ताठ उभा राहिलो. वाकायचं नाही, खाली बघायचं नाही, हळूहळू मागे सरायचं. खाली न बघता मागे सरणाऱ्या माणसाच्या मागे खड्डा असतोच. ऑफिसच्या बुटाचा गुळगुळीत तळ घसरला, पाय आत मुडपला, कट् असा आवाज झाला आणि मी आडवा झालो. वाकलेला माणूस शेळीसारखा दिसत असेल, तर आडवा पडलेला कसा दिसत असेल एवढाच विचार मला आठवतो. उज्वला माझ्यापुढे ताट ढालीसारखं धरून उभी राहिली.

कारवीतून आवाज आला, "मारू नका साहेब, वाळकंच तोडतेय, वल्लं नाय."

एक म्हातारी हात जोडून बाहेर आली. काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर चुंबळ, काखेत छोटी करवत.

"आम्ही साहेब नाही हो," उज्वला म्हणाली. "फिरायला आलोय."

"मंग ताट का वाजवता? मला वाटलं जंगलाचं लोक आलं, आमाला हुसकायला." ती मटकन खाली बसली. "करवत घावली तर घेऊन जात्यात. घरात एकच हाय."

तिचं नाव चिमणाबाई. खालच्या पाड्यावर राहायची. नवऱ्याला दम्यामुळे जोराचं काम होत नाही म्हणून सरपण तीच न्यायची. हे सगळं तिने माझा बूट काढता काढता सांगितलं. तोवर घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. मी उभं राहायचा प्रयत्न केला आणि ओरडलो. वेळ सव्वादोन. गेट दीड तासावर. साडेपाचची गाडी शेवटची. मी या तिन्ही गोष्टी मोठ्याने म्हणालो, पुन्हा पुन्हा म्हणालो.

चिमणाबाईने ओहोळाकडे तोंड करून लांब हाळी दिली. थोड्या वेळाने ठमाबाई नावाची तिची जाऊ आणि जावेची सून वर आल्या. तिघींनी आपसात चार शब्द बोलून घेतले. मग चिमणाबाई उठली, वेळूच्या बेटाशी गेली आणि एक जाड वेळू करवतीने तोडून आणला. ओला, हिरवागार.

"अहो, हे तोडायला मनाई आहे," मी पडल्या पडल्या म्हणालो.

"मंग चालत येता का?" ठमाबाईने विचारलं.

त्यांनी सरपण बांधायला आणलेल्या जुन्या लुगड्याची झोळी वेळूला बांधली, मला आत घातलं, करवत माझ्या पायाशी सरकवली आणि वरून उज्वलाची शाल पांघरली. पुढे चिमणाबाई आणि उज्वला, मागे त्या दोघी. अशा रीतीने कॉलेजचा हेडक्लार्क चार बायकांच्या खांद्यावरून डोंगर उतरायला लागला. उतारावर झोळी पुढे झुकायची आणि करवतीचे दाते नडगीला लागायचे. मी दरवेळी ओरडायचो.

"आमची सून अशीच नेलती फाट्यावर," चिमणाबाई पुढून म्हणाली. "पावसात. नववा भरला व्हता."

"मग?" उज्वलाने घाबरून विचारलं.

"फाट्यावर पोचतो तोच पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत." थोडं चालून ती म्हणाली, "पर ती एवढी वरडली नाय."

त्यानंतर मी शालीचं टोक दातांत धरलं.

गेटवर पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. समोर संघर्ष उभा होता, आणि त्याच्या शेजारी रविराज, हेल्मेट घालून, खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून. सात नंबरच्या माणसाला साडेतीनला फोन गेला होता आणि तो माणूस स्वतःची कार काढून आला होता. त्यांनी झोळी पाहिली, चार बायका पाहिल्या, आणि हेल्मेट काढलं. मी जिवंत आहे हे कळल्यावर पुन्हा घातलं.

झोळी खाली टेकवली. संघर्ष वाकला, पण माझ्याकडे नव्हे, वेळूकडे. ताज्या तोडलेल्या टोकावर त्याने अंगठा फिरवला.

"हा कोणी तोडला?"

चिमणाबाई जमिनीकडे बघत होती. दोन्ही हातांनी तिने पदराचं टोक घट्ट धरलं होतं. मला तिचे ते हात दिसत होते, कारण मी जमिनीवरच होतो.

मी तीस वर्षांत कोणत्याही कागदावर खोटं लिहिलेलं नाही. सद्गुण म्हणून नव्हे, भीतीने. पण तोंडातून शब्द गेलेच. "मी तोडला."

"कशाने?"

मी शाल बाजूला केली. संघर्षने करवत उचलली. "ही तुमची?"

"हो."

"सकाळी पिशवीत नव्हती."

"शर्टात होती. पाठीशी."

त्याने माझ्या पाठीकडे पाहिलं. "वेळू पाय मोडायच्या आधी तोडलात की नंतर?"

"आधी," मी म्हणालो, कारण नंतर शक्यच नव्हतं.

"म्हणजे पाय मोडणार हे माहीत होतं?"

"त्यांना कायम माहीत असतं," उज्वला म्हणाली. "हे दूध आणायला निघाले तरी पाय मोडेल म्हणूनच निघतात." सत्तावीस वर्षांत माझ्या स्वभावाचा तिने पहिल्यांदाच उपयोग करून घेतला.

संघर्ष करवत उलटसुलट करत होता. मुठीवर तापल्या सळईने अक्षरं उमटवलेली होती. त्याने वाचलं, "भिका." मग अर्ज काढून वाचलं, "सावळीराम यशवंत आहेर." आणि माझ्याकडे बघत राहिला.



"घरी मला भिका म्हणतात," मी म्हणालो. "आईची चार मुलं गेली, म्हणून नाव भिका ठेवलं. नजर लागू नये म्हणून. सावळीराम शाळेत झालो."

"आम्ही सगळे भिकाच म्हणतो," उज्वला म्हणाली.

संघर्षने रविराजांकडे पाहिलं. या माणसाच्या तोंडी काय येईल याचा भरवसा नव्हता. पण विम्याचा एजंट खरं कधी बोलायचं नाही हे जाणतो. "भिकाशेठ," ते गंभीरपणे म्हणाले, "तुम्हाला किती वेळा सांगितलं, करवत घेऊन फिरू नका."

संघर्षने रजिस्टर उघडलं. तो त्याच भागातला असणार. चिमणाबाईला तो ओळखत नसेल हे मला खरं वाटत नाही. तरी त्याने सावकाश लिहिलं, सावळीराम ऊर्फ भिका आहेर, करवत एक, सक्त ताकीद. "सही करा."

"कोणती?"

"दोन्ही करा."

सरकारी रजिस्टरमध्ये खोट्या नावाची सही. ती इतक्या जपून केली की शेजारची खरी सहीसुद्धा खोटी वाटायला लागली. मग त्याने करवत माझ्याच हातात दिली. "तुमची आहे ना, तुम्हीच न्या. इथे ठेवली तर मला जप्त करावी लागेल."

मी चिमणाबाईकडे पाहिलं. तिला बोलता येत नव्हतं आणि मला देता येत नव्हती. रविराजांच्या गाडीत मला मागे आडवं घातलं, करवत पोटावर, आणि गाडी वळेपर्यंत ती त्या करवतीकडे बघत उभी होती.

प्लास्टर पाच आठवडे होतं. सोसायटीच्या ग्रुपवर त्याच संध्याकाळी माझं नवं नाव जाहीर झालं आणि तिसऱ्या दिवशी दूधवालासुद्धा भिकाशेठ म्हणाला. हे मी सोसलं. ऑफिसात कोणी चौकशीचं पत्र घेऊन येईल म्हणून रोज दाराकडे बघायचो, तेही सोसलं. पण खरी भीती वेगळीच होती. पाड्यावर ते म्हणत असतील, शहरातल्या साहेबाला खांद्यावर वाहिलं आणि तो आपली करवत घेऊन गेला. प्लास्टर निघालं त्याच रविवारी मी स्वतःहून म्हणालो, आंबेदांडला जायचंय. उज्वलाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

करवत भद्रकालीच्या बाजारातून धार लावून आणली होती. गोणपाटात गुंडाळून ती एसटीत मांडीवर घेतली. कंडक्टरने विचारलं, काय आहे. मी खरं सांगितलं. तो पुढे गेला. उद्यानाचं गेट टाळून, खाचरांच्या बांधावरून काठी टेकत आम्ही पाड्यावर पोचलो.

चिमणाबाई अंगणात नागली पाखडत होती. तिने गोणपाट पाहिलं, मला पाहिलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, भिका आलं."

आतून एक हडकुळे म्हातारे भिंत धरत बाहेर आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी भिका," ते म्हणाले, "मंग मी कोण?"

मी करवत पुढे केली. त्यांनी दात्यांवरून अंगठा फिरवला. "धार लय लावली," ते म्हणाले, पण चेहरा खुलला. मग ओट्याशी पडलेल्या वाळक्या फांदीकडे बोट केलं. "नाव घेतलंच हाय तर बसा. लाकूड धरा. हालतं फार."

मी खाली बसून दोन्ही हातांनी लाकूड दाबून धरलं. भिकाबाबा धापा टाकत करवत ओढायला लागले. दाते माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर चालले होते.

"हात कापतो तुमचा," ते थांबून म्हणाले.

"भीती वाटते," मी म्हणालो. परक्या माणसाला हे मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ सांगत होतो.

"मलाबी वाटते," भिकाबाबा म्हणाले. "बोट मधी आलं तर पुन्ना झोळी करावी लागंल, आन् ह्या बाया आता तयार न्हाईत." आणि त्यांनी करवत पुन्हा ओढली.